रानमोडी-घाणेरी कापू नका, मुळासकट काढा: गोव्यातल्या जंगलातली परकी झाडं हटवायची पद्धत, टप्प्याटप्प्याने

दर वर्षी तेच होतं. एप्रिल-मे मध्ये कुणीतरी देवराईची किंवा डोंगराची 'सफाई' ठरवतं, पंधरावीस जण कोयते घेऊन जातात, दोन तासांत रानमोडी (बाहेरून येऊन जंगलभर पसरलेलं झुडूप) आडवी, फोटो ग्रुपवर. आणि चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या चौकटीचं) सामान आणायला त्याच जागी गेलं की दिसतं काय, एकेका बुंध्यातून पाचसहा फुटवे आलेत आणि जंगल आधीपेक्षा दाट झालंय. मेहनत कमी पडली असं नाही, मेहनत भरपूर होती, पण वेळ चुकली, क्रम चुकला आणि परत कुणी फिरकलं नाही. ह्या तीन गोष्टींसाठीच हा लेख लिहितोय. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा ह्या भागातलं जंगल, काजूची भाटं (बागा), कुळागराच्या (सुपारी-माडाच्या बागेच्या) कडा आणि देवराया डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, बाकी कोकणातही बहुतेक लागू पडेल.

टप्पा १: जागा कुणाची आहे ते आधी बघा

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक सोडतात, आणि मग अर्ध्या कामात गार्ड येऊन थांबवतो.

जागा अभयारण्यात असेल (म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, भगवान महावीर) तर तिथलं काहीही उपटायला, तोडायला, बाहेर न्यायला मुख्य वन्यजीव वॉर्डनची परवानगी लागते, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २९. 'आम्ही तर वाईट झाडं काढतोय' हे कारण चालत नाही. रेंज ऑफिसमध्ये लेखी अर्ज द्या, जागा, तारखा, किती माणसं, काय काढणार, कशाने काढणार हे स्पष्ट लिहा. बऱ्याचदा वनखात्याचेच कामगार सोबत मिळतात आणि काम दुप्पट चांगलं होतं, कारण झाडं त्यांना आपल्यापेक्षा बरी ओळखता येतात.

खाजगी किंवा कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) जागेत मालकाची लेखी संमती घ्या. अकेशियासारखं मोठं झाड पाडायचं असेल तर झाड परकं असलं तरी गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा १९८४ लागू होतो, वनखात्याची परवानगी काढावीच लागते.

देवराई असेल तर गावकरांना आणि देवस्थानाला आधी विचारा. काही रायांत सुकी काठीसुद्धा बाहेर नेत नाहीत, काही ठिकाणी आत चप्पल चालत नाही, काही ठिकाणी देवाला गाऱ्हाणं (प्रार्थना) घातल्याशिवाय कुणी हात लावत नाही. हे नियम पाळूनच कामाची आखणी करा. बूट चालत नसतील तर फक्त राईच्या कडेने काम करा, अनवाणी पायांनी झाडोऱ्यात शिरू नका.

टप्पा २: ओळख पक्की करा, मगच हत्यार हातात घ्या

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. 'झुडूप दिसलं की काप' असं केलं की कारवी, करवंद, कुड्याची रोपं, कणगी-करांद्यासारखे कंदांचे वेल सगळं जातं, आणि त्या मोकळ्या जागेत रानमोडीच येते.

रानमोडी: पानं समोरासमोर, त्रिकोणी, कडा दातेरी. पान उलटं करून उजेडात धरा, देठाजवळून तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या फुटलेल्या दिसतात. चुरगळलं की उग्र वास. कोवळी पानं जांभळट. डिसेंबरच्या आसपास फिकट जांभळी-पांढरी, पाकळ्या नसलेली झुबकेदार फुलं आणि नंतर म्हातारीसारखं उडणारं बी.

घोटाळा होतो तो कुड्याच्या रोपाशी, कारण त्याचीही पानं समोरासमोर. पान तोडून बघा, पांढरा चीक आला तर कुडा, सोडून द्या. कारवीच्या पेरांना फुगवटा असतो, पान मोठं आणि बाजूच्या शिरा एकमेकींना समांतर. भांडीर पण वास मारतं, पण त्याचं पान मोठं, हृदयाच्या आकाराचं, आणि फुलं गेल्यावर तांबडी चांदणीसारखी टोपी राहते.

घाणेरी (टणटणी): खोड चौकोनी, त्यावर मागे वळलेले बारीक काटे, पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत, एकाच गुच्छात दोनतीन रंगांची फुलं, फळं हिरवी आणि पिकली की काळी. उन्हाळ्यात पानं झडली की करवंदाच्या जाळीशी गल्लत होते. करवंदाचे काटे सरळ, टणक, बऱ्याचदा दुभंगलेले आणि मोडलं की चीक येतो. घाणेरीला चीक नाही. ही एक परीक्षा प्रत्येकाला करायला लावा, करवंदाच्या जाळ्या वाचतील.

मिकानिया: झपाट्याने वाढणारी वेल, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला, कुळागराच्या कडेला, रस्त्याच्या उघड्या बाजूला. पानं समोरासमोर, टोकदार हृदयासारखी, फुलं बारीक पांढरट. गुळवेल, मिरी, करांदा ह्यांची पानं एकाआड एक असतात, म्हणून आधी पानांची मांडणी बघा. पण 'समोरासमोर म्हणजे परकी' असंही नाही, उपळसरीची पानं समोरासमोर असतात आणि तिला चीक असतो. शंका आली की सोडून द्या, फोटो काढा, जाणकाराला विचारा, पुढच्या आठवड्यात काढली तरी चालेल.

रानतुळस: रस्त्याकडेला आणि सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर), चौकोनी खोड, उग्र वास, छोटी निळसर फुलं. एका वर्षाचं झाड, त्यामुळे बी धरायच्या आत उपटलं की त्या वर्षीचा विषय संपला.

अकेशिया (ऑस्ट्रेलियन बाभूळ): पानं कोयत्यासारखी वाकडी, पिवळे तुरे, शेंगा कानासारख्या पिळलेल्या, आत काळ्या बिया केशरी दोऱ्याला लटकलेल्या. खाली पानांचा जाड थर.

*तपासा:* कामाच्या आदल्या दिवशी जागेवर फिरून ज्या झाडांना हात लावायचा नाही त्यांना रंगीत चिंधी बांधा. काढायच्या झाडांना नको, वाचवायच्या झाडांना बांधा. गडबडीत माणूस चिंधी बघून थांबतो. आणि टीममधल्या प्रत्येकाकडून तीन झाडं ओळखून घ्या, जो चुकला त्याला कोयता द्यायचा नाही, ढीग वाहायला लावायचा.

टप्पा ३: कुठून सुरू करायचं

बहुतेक जण सगळ्यात दाट गचपणापासून सुरू करतात, रस्त्याला लागून असतं म्हणून आणि फोटो चांगला येतो म्हणून. उलटं करा. जिथे जंगल अजून चांगलं आहे, सावली आहे आणि रानमोडीची दोनचार झुडपं तुरळक शिरलीत, तिथून सुरुवात करा आणि हळूहळू दाट भागाकडे सरका. कारण रानमोडीला ऊन लागतं. चांगल्या जंगलात एक झुडूप काढलं तर सावलीमुळे ती जागा आपोआप भरते, तुम्हाला परत फार काही करावं लागत नाही. दाट गचपण एका दिवसात साफ केलं तर लख्ख ऊन पडतं, माती उघडी पडते आणि मातीत पडून असलेलं सगळं बी एकदम उगवतं.

म्हणून जागेचे तीन भाग करा: तुरळक, मध्यम, दाट. कागदावर साधा नकाशा पुरे, व्हाळ, पायवाट, मोठी झाडं खुणेला दाखवा. पहिल्या वर्षी तुरळक भाग पूर्ण, मध्यम भाग जमेल तेवढा, आणि दाट भागाला फक्त कडेने कुंपणासारखं रोखा. जेवढ्या जागेत तीन वर्षं परत परत जाता येईल तेवढीच जागा घ्या. दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन पाडले की माणसांना अंदाज येतो आणि कामाची नोंदही नीट राहते.

*सावधान:* तीव्र उतार आणि व्हाळाचा काठ पावसात उघडा करू नका. जांभ्याची माती एका जोरदार सरीत वाहून जाते. अशा ठिकाणी उताराला आडवे पट्टे पाडा, एक काढा, एक ठेवा, ठेवलेला पट्टा पुढच्या वर्षी.

टप्पा ४: वेळ

गोव्यात रानमोडी आणि घाणेरीसाठी सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य हा सगळ्यात चांगला काळ. तीन कारणं. माती अजून ओली असते, मूळ सुटतं. रानमोडी फुलायची असते, म्हणजे बी पसरत नाही. आणि तिसरं, गोचिडीचा मोसम अजून चढलेला नसतो, त्यावर पुढे बोलतो.

एप्रिलमध्ये जांभा दगडासारखा होतो, झुडूप ओढलं की बुंध्याशी तुटतं आणि मूळ आत राहतं. मे मधल्या सफाया फसतात त्या इथे. जानेवारी ते मार्च तर हातच लावू नका, रानमोडीचं बी सुटलेलं असतं, तुम्ही हलवलं की उडतं आणि तुमच्या कपड्यांना, केसांना, गाडीच्या सीटला चिकटून दुसऱ्या डोंगरावर जातं.

जून-जुलै हे रोपांचे महिने. वितभर रानमोडी दोन बोटांनी निघते, शाळकरी मुलंही करू शकतात. रानतुळस ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मिकानिया फुलायच्या आधी, शक्यतो पावसाचा जोर ओसरल्यावर, कारण भर पावसात तुटलेला प्रत्येक तुकडा मूळ धरतो.

सड्यावर मात्र पावसाळ्यात घोळक्याने जाऊ नका. तिथे बोटभर उंचीची फुलं असतात, सीतेची आसवं वगैरे, रानतुळशीपेक्षा तुमच्या पायांनीच जास्त नुकसान होईल. दोघंतिघं जा, उघड्या कातळावरून चाला, कडेची काढा आणि परत या.

टप्पा ५: अवजारं आणि जिवाची काळजी

कुदळ, टिकाव, छोटी पहार, कोयता, कानस, चामड्याचे हातमोजे, जाड बूट, पूर्ण बाह्या. पाच माणसांत दोन कुदळी आणि एकच कोयता. कोयते जास्त असले की कापणंच जास्त होतं, हे अगदी नक्की.

काम सुरू करायच्या आधी लांब काठीने झुडूप हलवा, बुंध्याशी आपटा, थोडं थांबा. घाणेरीच्या जाळीत घोणस, दगडांत फुरसं, आणि आत रानडुक्कर नाहीतर गवा बसलेला असू शकतो. बुलबुलाचं घरटं असेल तर ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत सोडा. वर आग्या मोहोळ आहे का बघा. खाजकुयलीच्या शेंगा दिसल्या तर त्या बाजूला वाऱ्याच्या उलट दिशेने जाऊ नका.

गोचिडी: सत्तरीत २०१५ पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेत, ही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. नोव्हेंबर-डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ, म्हणून मोठं काम त्याच्या आधी उरकायचं. तरीही पँट मोज्यात खोचा, उघड्या त्वचेला गोचीड-प्रतिबंधक तेल लावा (आरोग्य केंद्रात विचारा), पातेऱ्यावर (पडलेल्या सुक्या पानांवर) बसून जेवू नका, घरी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात टाका आणि साबणाने आंघोळ करून काखा, जांघा, कानामागे तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला 'जंगलात गेलो होतो' हे स्वतःहून सांगा.

साप चावला तर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, हातपाय हलू न देता १०८ ला फोन. जागेवर मोबाइलला रेंज आहे का, गाडी कुठपर्यंत येते हे आदल्या दिवशीच बघून ठेवा.

टप्पा ६: प्रत्यक्ष काढणं

रानमोडी. लहान झुडूप दोन्ही हातांनी अगदी जमिनीलगत धरा, आधी थोडं डावी-उजवीकडे हलवा, मग सरळ वर ओढा. वरून धरून ओढलं की तुटतं. जुन्या झुडपाच्या बुंध्याशी लाकडी गाठ असते, सगळे फुटवे तिथूनच येतात, ती निघाली नाही तर काम झालंच नाही. पहार तिरकी घालून गाठीखालून उचला. गाठ निघाली की नाही हे हाताने चाचपून बघा: बाहेर आलेल्या भागाला मुळ्यांचा पूर्ण झुबका असेल तर ठीक, खाली सपाट तुटलेलं लाकूड दिसत असेल तर अर्धी आत आहे, परत खणा. केलेला खड्डा पायाने दाबून वर पातेरा ओढा, उघडी माती ठेवू नका.

घाणेरी. हिला ओढून चालत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत आज अनेक जंगलांत वापरतात आणि ती आपल्याकडच्या जांभ्यातही जमते. आधी कोयत्याने वाट करून बुंध्यापर्यंत पोचा, बुंधा गुडघ्याएवढा ठेवा, धरायला लागतो. आजूबाजूची माती कुदळीने बाजूला करा. खोड संपून मूळ सुरू होतं त्या जागेला फुटवे येतात, त्याच्या खाली, म्हणजे मातीच्या ३ ते ५ सेंटिमीटर खाली, मुख्य मूळ टिकावाच्या पात्याने तोडा. सगळं मूळ खणून काढायची गरज नाही, खालच्या मुळाला फुटवा येत नाही आणि मातीही कमी हलते. मग झुडूप उचलून उलटं ठेवा, मुळं आकाशाकडे. शेवटी जमिनीला टेकलेल्या फांद्या बघा, त्यांना पेरांशी मुळं फुटलेली असतात, तीही उचला, ह्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही.

मिकानिया. झाडावर चढलेला वेल वरून ओढू नका, झाडाच्या फांद्या मोडतात आणि तुकडे सगळीकडे पडतात. खाली कमरेएवढ्या उंचीवर कापा, वरचा भाग झाडावरच सुकू द्या, फक्त त्याचा जमिनीशी कुठेच संबंध राहिला नाही ना हे बघा. खालचा भाग दोरीसारखा गुंडाळत मुळापर्यंत जा, प्रत्येक पेराला थांबा, मूळ धरलंय का बघा, सोडवा. तुकडे गोणीत भरा, व्हाळात तर अजिबात टाकू नका, पाणी त्यांना खालच्या वाडीपर्यंत नेऊन लावतं. तीनेक आठवड्यांनी परत यायचंच.

अकेशिया. रोपं पावसात उपटा. मोठी झाडं मात्र एकदम पाडायची घाई नको, परवानगी मिळाली तरी. सगळी पाडली की ऊन येतं, आणि ऊन आलं की रानमोडी. त्यांच्या सावलीत आपली झाडं आधी मोठी होऊ द्या, मग थोडी थोडी विरळ करा.

तणनाशक? जंगलात, देवराईत, व्हाळाजवळ मी सुचवणार नाही. खालचं प्रत्येक रोप मरतं आणि ते पाणी शेवटी कुणाच्यातरी विहिरीत जातं.

टप्पा ७: काढलेल्या ढिगाचं काय

जाळू नका. मार्च २०२३ मध्ये म्हादई आणि आसपासच्या जंगलात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, नौदलाची हेलिकॉप्टर्स पाणी टाकत होती. सुकलेली रानमोडी भडका घेते, आणि आग विझल्यावर मातीतल्या गाठींतून तीच आधी फुटते, ऊन आणि मोकळी माती आयती मिळते म्हणून.

फुलं-बी नसेल तर रानमोडी मुळं वर करून दगडावर किंवा फांदीच्या बेचक्यात ठेवा, काही दिवसांत सुकते. सुकल्यावर काजूच्या किंवा माडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून छान कुजते. ओल्या मातीवर टाकली तर परत मूळ धरते, हे लक्षात ठेवा. बी धरलेली असेल तर शेंडे आधी अलगद कापून गोणीत घाला, तोंड बांधा, कुजवा. घाणेरी गुरांसमोर टाकू नका, विषारी आहे, गुरांची कातडी उन्हाने सोलवटते आणि यकृतावर परिणाम होतो. ढीग छोटे ठेवा, पायवाटेपासून आणि व्हाळाच्या पुराच्या रेषेपासून लांब.

*तपासा:* निघायच्या आधी बूट, पँटचे दुमडे, कुदळीला लागलेली माती तिथेच झटका.

टप्पा ८: रिकामी जागा

लगेच रोपं आणायला धावू नका. आधी खाली वाकून बघा, घाणेरीखाली जांभूळ, किंदळ, माट (ऐन), कुंभा, पिटकुळीची रोपं बऱ्याचदा असतात, दबून राहिलेली. त्यांना काठी लावा, भोवती पातेरा द्या. फुकट मिळालेलं, त्याच मातीतलं रोप नर्सरीतल्या रोपापेक्षा नेहमी बरं जगतं.

जिथे खरंच काही नाही तिथे पुढच्या जून-जुलैत लावा. भरभर सावली देणारी आधी, चांदवडसारखी, मग माट, किंदळ, जांभूळ, ओलाव्याला भिरंड (कोकम), कडेला करवंद आणि धायटी. गुलमोहर, सुबाभूळ नको. नर्सरीच्या पिशवीतली माती बघून घ्या, मिकानियाचे तुकडे आणि रानतुळशीचं बी तिथूनही येतं.

टप्पा ९: परत जाणं

पहिल्या कामानंतर तीनचार आठवड्यांनी एक फेरी, राहिलेल्या गाठींचे फुटवे काढायला. जुलैत रोपांसाठी. पुढच्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण. असं किमान तीन वर्षं, घाणेरीसाठी त्याहून जास्त, कारण बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि पक्षी नवीन आणत राहतात. बुलबुल ज्या फांदीवर नेहमी बसतो तिच्या खाली बघा, घाणेरीच्या रोपांचं वर्तुळच दिसेल, तिथे आधी जा.

फेरी छोटी असते, दोन माणसं आणि एक सकाळ पुरते, पण तारीख पहिल्याच दिवशी ठरवून टाका आणि नाव घालून ठेवा, 'बघू' म्हटलं की होत नाही. वहीत चौकोनाचा नंबर, तारीख, किती मोठी झुडपं, किती रोपं एवढंच लिहा. एका ठरलेल्या दगडावरून, एकाच दिशेने, दर ऑक्टोबरला एक फोटो. दुसऱ्या वर्षी एखाद्या चौकोनात रोपं कमी न होता वाढली असतील तर नवीन जागा घेऊ नका, आधी तिथे ऊन कुठून येतंय ते शोधा. बऱ्याचदा नवीन केलेली वाट, तोडलेली फांदी किंवा जेसीबीने आणलेली माती सापडते.